माळ धरणारी पोर

माझे बाबा दारू प्यायला जाण्याआधी गळ्यातली तुळशीची माळ काढायचे आणि ती मला धरायला द्यायचे. चिखलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, तिथे येणाऱ्या बायांना हे सांगितलं की त्या हसतात. हसण्यासारखंच आहे म्हणा. माणूस देवाला इतका भितो की माळ बाटू देत नाही, अन् दारूला मात्र भीत नाही. मीही पुष्कळ वर्षं हे हसूनच सांगत आले. लग्नानंतर नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला, मग एकदम थांबला आणि म्हणाला, "तू केवढी होती तवा?" मला तो प्रश्न आवडला नाही. शाळेत जात होते एवढी होते, असं काहीतरी बोलून मी चहा टाकायला उठले.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडे. बाबा साखरखेर्डा ते चिखली काळी-पिवळी जीप चालवायचे, दुसऱ्याच्या मालकीची. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण दारुडा बाप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हातात पट्टा घेतलेला माणूस उभा राहतो. बाबांनी मला कधी बोट लावलं नाही, मायलाही नाही. प्यायले की उलट त्यांचा आवाज मऊ व्हायचा. भेटेल त्याला हात जोडायचे, दारातल्या बकरीलासुद्धा "बसा, बसा" म्हणायचे. पण सकाळची फेरी चुकायची, जीपमालक ओट्यासमोर उभा राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचा, आणि त्यातच कधीतरी माय निजायची.

माय निजायची म्हणजे काय, ते नीट सांगायला पाहिजे. ताप नाही, खोकला नाही. सकाळी उठायची वेळ झाली की ती उठायची नाही, एवढंच. हाक मारली तर डोळे उघडायची, ऐकायची आणि परत मिटून भिंतीकडे तोंड करायची. आंघोळ नाही, केस विंचरणं नाही. कधी आठवडा जायचा, कधी महिना. माझ्या पाठीवर कोणी झालं नव्हतं, त्यामुळे घरात मी एकटीच. कच्च्या-पक्क्या भाकरी थापायचे, तिच्या उशाशी ताट ठेवायचे आणि दाराआड उभी राहून बघायचे, तिनं घास घेतला का. मग एखाद्या सकाळी मला खराट्याच्या आवाजानं जाग यायची. माय उठून अंगण झाडत असायची, तोंड धुतलेलं, डोक्यावर पदर, जसं काही झालंच नव्हतं. त्या आवाजानं जेवढा आनंद व्हायचा तेवढा मला पुढे कशानंही झाला नाही. लग्न झालं, पोरगी झाली, स्वतःची मशीन घेतली, तरी नाही.

गावात याला कोणी आजार म्हणत नव्हतं. "नवऱ्यापायी जीव जळते बिचारीचा," असं म्हणायचे. मलाही ते पटलेलं होतं. बाबा पितात म्हणून माय निजते, बाबा पिले नाहीत तर ती उठेल. यात न समजण्यासारखं काय होतं?

मी तिसरीत असताना गावात सप्ताह बसला. कीर्तनाला बाहेरगावचे एक महाराज आले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी पुष्कळ माणसांना माळ घातली, त्यात बाबाही होते. मायनं त्यांना जवळजवळ ओढतच नेलं होतं. आमच्याकडे माळ घालणं ही हलकी गोष्ट नाही. माळकरी झाला की दारू-मटण बंद, आणि मोडलं तर सारं गाव बघतं. आमच्या बायांचा दवाखान्यापेक्षा या माळेवर जास्त भरवसा. महाराजांनी बाबांना बजावलं की माळ गळ्यातून काढायची नाही. दोरा तुटला, पुन्हा ओवायची वेळ आली, तर भुईवर ठेवायची नाही, खुंटीला टांगायची नाही, कुवार पोरीच्या हातात द्यायची, तो हात शुद्ध असतो. आणि भर मांडवात माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही आहे की घरात." मी लाजून मायच्या मागे लपले.

बाबांनी थोडे दिवस पाळलं. मग त्यांनी महाराजांच्या बोलण्यातूनच आपली वाट काढली. दोरा तुटल्यावर देता येते, तर न तुटता द्यायला काय हरकत? एका संध्याकाळी जीप लावून घरी आले, हातपाय धुतले, माळ काढून दोन्ही तळव्यांवर घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"धर बेटा. सकाळी देजो."

मी धरली. बापानं काही धरायला दिलं तर लेकरू धरणारच. बाबा पायात चप्पल सरकवून निघून गेले. माय चुलीपाशी बसून बघत होती. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही.

आठवड्यानं उठली तेव्हा तिनं मला पुढ्यात घेतलं, आणि वेणी घालता घालता म्हणाली, "तू कायले घेतली वं माळ? तू घेतली नसती त तो गेला असता काय? भुईवर ठेवाची त्याची छाती नाई. अन् तू घेतली, म्हून मी पडली. आता तुह्या हातात हाये पोरी सगळं."

ती हे प्रेमानं म्हणाली होती, केसांतून हात फिरवत. मला तर अभिमानच वाटला. शाळेत मी काही हुशार नव्हते, दिसायला सावळी, पण घर माझ्या हातात होतं. दुसऱ्या दिवसापासून जीपचा आवाज आला की मी ओट्यावर जाऊन दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला लागले.

"धर न वं."

"नाई."

"धर न बेटा, हात अवघडले माह्ये."

"नाई म्हनलं न."

बाबा तळव्यांवर माळ घेऊन उभे, मी हातांवर बसलेली, आणि गल्लीतली माणसं भिंतींना टेकून बघत. त्यांना फुकटचा तमाशा मिळाला होता. "पोट्टीनं बापाले आडोलं राजा," म्हणायचे. कोणी मला शाबासकी द्यायचं, कोणी बाबांना चिडवायचं. आणि काही संध्याकाळी खरंच जमायचं. बाबा थोडा वेळ उभे राहून माळ परत गळ्यात घालायचे आणि जीपमध्ये जाऊन पडायचे. तेच वाईट झालं. कधीच जमलं नसतं तर मी कंटाळून सोडून दिलं असतं. अधूनमधून जमायचं, म्हणून मला वाटत राहिलं की न जमलेल्या दिवशी माझंच काहीतरी कमी पडलं.

कारण दुसऱ्या संध्याकाळीही असायच्या. बाबांचे हात थरथरायला लागायचे, कपाळावर घाम यायचा. ते माझ्यासमोर खाली बसायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "लय कसं तरी होऊन राह्यलं बेटा मले," म्हणायचे. दारू सुटताना अंगाला काय होतं ते मला आज माहीत आहे. तेव्हा फक्त माझा बाप माझ्यापुढे रडत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत. आत माय, बाहेर बाप, अन् मधे मी. मग मी मांडीखालून हात काढायचे.

माळ सकाळपर्यंत उजव्या हातात धरायची. डाव्या हातानं जेवायचं नाही असं शिकवलेलं, म्हणून त्या रात्री मी जेवायचे नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही, कारण माझ्या लेखी ते नियमातच होतं.

सकाळी बाबा आंघोळ करून माझ्यापुढे उकिडवे बसायचे आणि मान खाली घालायचे. मी त्यांच्या गळ्यात माळ घालायचे. मग ते माझ्या पायाला हात लावून तो हात कपाळाला लावायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. एवढा मोठा माणूस, अख्ख्या रस्त्यानं हॉर्न वाजवत गाडी पळवणारा, माझ्यापुढे मान वाकवायचा. त्या क्षणी मला त्यांचा फार लळा यायचा, आणि त्याच क्षणी माझे कान आत लागलेले असायचे की माय उठली का. एकाच वेळी दोघांकडे लक्ष ठेवायची ती सवय अजून गेलेली नाही.

माय उठली नसली तर मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. ती डोळे न उघडता म्हणायची, "काल घेतली न तू?" कधी मी घेतलेली नसायची, तरी ती निजलेलीच असायची. मग मी दुसरं कारण शोधायचे. काल मी जोरात हसले होते. दूध उतू घालवलं होतं. शोधलं की कारण सापडायचंच, न सापडलेलं मला आठवत नाही.

शेजारी एक चाची राहायची, बाजारात बांगड्या भरायची. माय निजली की तिच्या घरून माझ्यासाठी काही ना काही यायचं. एका संध्याकाळी हा आमचा तमाशा चालू असताना ती कुंपणाशी आली आणि बाबांना म्हणाली, "भाऊ, बच्ची के हात में ये मत दिया करो. तुमचं तुमी पाहा, ठेवा नाई त फेका." मग मला म्हणाली, "बेटा, ये तेरा काम नै है. जा तू."

मला असा राग आला तिचा. माझी एकुलती एक मोठी गोष्ट ती काढून घेत होती. त्या ईदला मी तिच्या घरचा शीरखुर्मा खाल्ला नाही, वाटी तशीच परत नेऊन दिली. साऱ्या मोठ्या माणसांत खरं ती एकटी बोलली, अन् मी डूख धरला तिच्यावरच. पुढे ती तिच्या लेकाकडे गेली ती परत आली नाही. आज असती तर मी तिच्या घरी जाऊन हात धुवून जेवायला बसले असते.

पाचवीत आमची सहल लोणारला निघाली. त्या वर्षी मायचे चांगले दिवस चालू होते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत ती एकदाही पडली नव्हती. तिनंच सांगितलं, जाय म्हणून, आणि पहाटे उठून पुऱ्या करून दिल्या. मी जाऊ की नको करत गेले. लोणारला मी काय पाहिलं, ते विचारू नका. पोरी सरोवराकडे उतरत होत्या, हाका मारत होत्या, आणि मी ऊन कुठवर आलं ते बघत होते. येताना वाटेत गाडीचं चाक पंक्चर झालं. सर म्हणत होते घाबरू नका, पोरी गाणी म्हणत होत्या, अन् मी एका दगडावर बसून रडत होते. सरांना वाटलं मला भूक लागली. त्यांनी मला बिस्किटाचा पुडा दिला.

घरी पोचले तेव्हा दिवे लागून गेले होते. बाबा ओट्यावर नव्हते. बाजूच्यांनी सांगितलं, पुष्कळ वेळ माळ हातात घेऊन तुझी वाट पाहत बसले होते, मग उठले, माळ जीपच्या आरशाला अडकवली आणि जीप घेऊनच गेले. स्टँडवर साऱ्यांनी पाहिलं, गळा मोकळा अन् माळ आरशाला. मायला ते कळलंच. त्या वेळची ती पडली ती सारा हिवाळा पडूनच होती. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बाया दारातून परत गेल्या.

मग नांदुऱ्याहून मामा आला. मायचा सख्खा भाऊ, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, शब्दाला वजन असलेला माणूस. आत जाऊन त्यानं बहिणीकडे बघितलं आणि बाहेर आला. ओट्यावर चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मला म्हणाला, "सहलीचं लय पडलं होतं काय वं तुले? एक दिवस माय सांभाळता आली नाई?" बाबा खाली मान घालून बसले होते, गळ्यात माळ. त्यांना तो एक अक्षर बोलला नाही. जावयाला कसं बोलणार, मान असतो. मायला तो नांदुऱ्याला घेऊन गेला, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत आली. मी त्यानंतर कोणत्याही सहलीला गेले नाही.

या साऱ्यानं माझं काय झालं, असं मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, मले काय धाड भरली. दिसण्यासारखं काही नव्हतंच. शाळेत शेवटचा तास सुरू झाला की पोटात कळ यायची, बाईंना वाटायचं जंत झाले, गोळी द्यायच्या. रस्त्यावरच्या साऱ्या जीपांतून आमची जीप मी गिअरच्या आवाजावरून ओळखायचे. पायांच्या चालीवरून, कडी काढण्यावरून, कोणाचा दिवस कसा आहे हे मला कळायचं. लोक म्हणायचे, पोरगी लय समजदार. बारावीनंतर अकोल्याला नर्सिंगला नंबर लागला होता. मी गेले नाही. संध्याकाळी घरी कोण असणार होतं? आता कधी दवाखान्यात गेले अन् पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी भराभर चालताना पाहिल्या की जीव खालीवर होतो. चांगली नर्स झाले असते मी. माणूस पडायच्या आधी मला कळतं.

माझं लग्न झालं आणि मी चिखलीला आले. त्याच हिवाळ्यात बाबांना कावीळ झाली, दवाखान्यात ठेवावं लागलं, डॉक्टरांनी तंबी दिली, आणि बाबांची दारू सुटली. अशी सुटली की मरेपर्यंत त्यांनी थेंब घेतला नाही. गावातले म्हणाले, पोरीचं लग्न झालं अन् अक्कल आली. मी घरात असताना का नाही आली, हे मी कोणाला विचारणार होते? बाबा सुधारले याचा मला आनंद व्हायला पाहिजे होता, झालाही, पण त्यात एक खडा होताच. माझ्या हातांनी जे इतकी वर्षं झालं नाही ते एका काविळीनं केलं.

आणि माय? बाबांची दारू गेली, माळ कायमची गळ्यात बसली, तरी माय दोन-तीन वर्षांनी एकदा अंथरूण धरतच राहिली. शहाण्या माणसाला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी तेव्हाही कारण शोधलं. आखाजीच्या सणाला माहेरी गेले नाही म्हणून. फोनवर नीट बोलले नाही म्हणून. मग दुकान बंद करून गाडी पकडायची अन् तिच्या उशाशी जाऊन बसायचं.

माझ्या स्वतःच्या घरात दुपारी कोणी झोपू शकत नाही. नवरा रविवारी जेवून आडवा झाला की मी दारात उभी. "काय झालं? बरं नाही का? माझं काही चुकलं का?" तो आधी चिडायचा, आता नुसता म्हणतो, "पोट भरलं वं बाई, दुसरं काई नाई." माझी पोरगी आठवीत आहे. दुपारी डोळा लागायला लागला की ती आधी माझ्याकडे येते आणि सांगते, "आई, मी बरी आहे. नुसती झोप आली." मग जाऊन झोपते. तिला असं सांगायला मी कधी शिकवलं नाही. ती आपोआप शिकली, आणि या एका गोष्टीचं मला जेवढं वाईट वाटतं तेवढं माझ्या नर्सिंगचंही वाटत नाही.

बाबा गेले त्याला आता वर्ष उलटलं. दिवस-पाणी झालं आणि माय पडली. या वेळी खाणंही सोडलं. दुःखानं असं झालं, असं सारे म्हणाले. माझ्या नवऱ्यानं मात्र ऐकलं नाही. "आता हे पुरे," म्हणाला, आणि बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. माय भावाचं ऐकते म्हणून मामाला नांदुऱ्याहून बोलावून घेतलं. मामा आता म्हातारा झाला आहे, कानानं कमी ऐकतो, पण आला.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी मायची नाडी-बिडी पाहिली, तिच्याशी हळू बोलल्या, मग आमच्याकडे वळून विचारलं, "हे पहिल्यांदा कधी झालं?"

मी तयारच होते. माझ्याइतकं हे कोणाला माहीत होतं? मी सांगायला लागले, "मॅडम, मी लहान होते, वडील प्यायचे, मग त्यांनी माळ घातली..." सारं सांगितलं, ओटा, माळ, सहल. माझं झाल्यावर मामानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "नाई म्याडम, लय आधीपासून हाये. हे पोरगी त नंतरची. लग्नाच्या आधी दोनदा झालं होतं. एका खेपेला त वर्षभर बोललीच नाई कोनाशी. आमच्या आईलेबी होतं हेच."

कापसाचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यानं. डॉक्टरांनी विचारलं, सासरी माहीत होतं का. मामा म्हणाला, "कसं सांगनार म्याडम? सांगतलं असतं त कोनी केली असती काय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मामा," मी म्हटलं, "मले काऊन नाई सांगतलं?"

"तू लहान होती."

माय माझ्यामुळे पडली हे चार माणसांत ऐकायला मी मोठी होते, अन् तिला आजार आहे हे ऐकायला लहान होते. हे मी तिथे बोलले नाही. बोलायला हवं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्ही माळ घेतली असती काय, नसती घेतली काय, आईंचं हे झालंच असतं. आणि वडिलांचं पिणंही तुमच्या हातात नव्हतं." मी मान हलवली. सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. मला मात्र कोणीतरी लुटून नेल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं मी ज्याची राखण केली ते माझ्या हातात कधी नव्हतंच, आणि हे निदान एका माणसाला पहिल्यापासून माहीत होतं.

मायला गोळ्या लागू पडल्या. लगेच नाही, पण हळूहळू ती उठायला लागली, केस विंचरायला लागली, टीव्हीपुढे बसून हसायला लागली. यंदा माझ्याकडे येऊन तिनं माझ्या पोरीला पापड लाटायला शिकवलं. एवढ्याशा पांढऱ्या गोळ्या. तेव्हाही मिळत असतील त्या, आमच्या गावापासून एसटीनं जाता येईल एवढ्या अंतरावर. बाबा रोज त्याच रस्त्यावर गाडी चालवायचे. हा विचार आला की मला कोणावर चिडावं तेच कळत नाही, आणि मग मी दिवसभर साऱ्यांवर चिडते.

मागच्या महिन्यात तिला दाखवून आम्ही दोघी बुलढाण्याहून परत येत होतो. दुपारची एसटी, गर्दी नव्हती. माय खिडकीशी बसली होती, मी तिला संत्रं सोलून देत होते, ती एकेक फोड खात होती. चेहरा इतका निवांत की विचारू की नको असं झालं मला. पण विचारलं.

"माय, लग्नाच्या आधीपासून हाये हे, तुले माहीत होतं?"

"हाव," ती म्हणाली.

"मंग मले काऊन म्हने तू, का तू माळ घेतली म्हून मी पडली?"

तिनं तोंडातली बी हातात काढली आणि खिडकीतून टाकली.

"तुह्या बापाले म्हनलं असतं त तो निंघून गेला असता कुठंबी. भावाले म्हनलं असतं त तो मंग आला नसता. कोनाले तरी म्हनाच लागे न बाई. आत लय जळे." मग माझ्याकडे वळून, अगदी खरं विचारावं तसं तिनं विचारलं, "तू कुठं जानार होती?"

तिच्या विचारण्यात कपट नव्हतं, तेच मला सोसवलं नाही.

"खेळाले गेली असती, माय," मी म्हटलं.